सतरा नंबरची गाडी नकाशावर नाही

डब्यातली बाई बोलता बोलता गप्प झाली, तेव्हा सकाळचे नऊ वाजून चार मिनिटं झाली होती आणि सतरा नंबरची गाडी बाह्यवळण रस्त्यावरच्या मोठ्या सर्कलमध्ये शिरत होती.

"पुढच्या सर्कलवरून," बाई म्हणाली, "तिसऱ्या..." आणि संपलं. तिसऱ्या काय, ते तिचं तिलाच माहीत. डॅशबोर्डवर बसवलेल्या जीपीएसच्या डब्याचा पडदा एकदा निळा झाला, एकदा थरथरला आणि काळा ठिक्कर पडला.

ताईनं डब्याला दोन चापट्या मारल्या. मग तिसरी, जरा जोरात. डबा ढिम्म. तोवर सर्कलला फुटणारे तीन रस्ते मागे गेले होते. ताई गाडी फिरवत राहिली. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला मागच्या बाकावरून आजी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "पोरी, चक्कर मला यायची, तुला कशाला येतेय?"

ताईनं पहिल्या दिसलेल्या रस्त्याला गाडी घातली आणि कडेला उभी केली.

सतरा नंबरची ही गाडी माणसांना डायलिसिसला नेते. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या, त्यांचं रक्त मशीनमधून काढून, धुऊन परत आत घालायचं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. गाडीत आज तिघं होती. पंचाहत्तरीच्या आजी, ज्या गाडीत बसल्या की डोळे मिटायच्या ते केंद्राच्या दारात उघडायच्या. मास्तर, ज्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतरही ते काम सोडलं नव्हतं, फक्त आता वर्ग गाडीत भरायचा. आणि चाळिशीतला शिंपी. तो मशीनला लावलेला असतानाही त्याची गिऱ्हाइकं फोन करून ब्लाउजची चौकशी करायची, म्हणून तो मोबाइल घरी ठेवून यायचा. मास्तरांचा साधा बटणांचा फोन होता. चालकांनी आपले मोबाइल डेपोतल्या कपाटात ठेवायचे असा नियमच होता. थोडक्यात, रस्ता दाखवील असं गाडीत काही उरलं नव्हतं, आणि बाह्यवळणावर विचारायला माणूसही नव्हता.

ताई बावन्न वर्षांची. सात वर्षं ती ही गाडी चालवत होती. नेहमीचा मोठा रस्ता कालपासून पाइप टाकायला खणला होता, म्हणून डबा तिला बाह्यवळणानं नेत होता. पण नेहमीचा रस्ता असता तरी डब्याशिवाय जमलं असतं का? ताईनं स्टिअरिंगवर हात ठेवून मनात उजळणी करून पाहिली. आधी पेट्रोल पंप. मग शाळा. मग... मग बाई म्हणते डावीकडे. कुठून डावीकडे? काय आहे त्या कोपऱ्यावर? दुकान? झाड? काही म्हणता काही आठवेना. हजार वेळा गेलेला रस्ता, आणि आठवत होता फक्त त्या बाईचा आवाज.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली की तिला आधी राग यायचा.

"ताई, आजींकडे बघा जरा," शिंपी हळूच म्हणाला.

आजींचे पाय चपलांत मावत नव्हते. घोटे पार सुजून गोल झाले होते आणि श्वास तोंडानं चालला होता. शनिवारी ही गाडी दुरुस्तीला होती. बदली गाडी दोन तास उशिरा आली आणि आजींना चारऐवजी दोनच तास मिळाले. केंद्रावर नऊ-तीसची वेळ. दहापर्यंत माणूस पोचलं नाही, तर मशीन रांगेतल्या दुसऱ्याला द्यायचं, अशी तिथली शिस्त. त्या शिस्तीलाही नावं ठेवता येत नव्हती, रांगेतलाही माणूसच.

तेवढ्यात गाडीतला फोन वाजला.

"नियंत्रण कक्षातून बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "चालक क्रमांक सतरा, आपलं वाहन नकाशावर दिसत नाहीये."

हा आवाज ताईच्या भाच्याचा. नणंदेचा मुलगा. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण त्याला सायकल शिकवली ताईनं, गाडी शिकवली ताईनं, आणि परीक्षेत नापास झाला तेव्हा दोन दिवस तो तिच्याच घरी लपला होता. घरी तो तिला 'मामी, तू' म्हणायचा. फोनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायचं म्हणून इथे 'आपण'.

"दिसत नसलं तरी आहे," ताई म्हणाली. "डबा बंद पडलाय. मला केंद्राचा रस्ता सांग."

"रस्ता सांगण्याची आम्हाला परवानगी नाही. उपकरण बंद पडल्यास वाहन सुरक्षित जागी थांबवावं आणि तंत्रज्ञाची वाट पाहावी. तंत्रज्ञ निघालेत."

"किती वेळात येईल?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "दीड तास. फार तर दोन."

"आणि आजी?"

"कोण आजी?"

"आठवड्यातून तीनदा माझ्या गाडीत बसतात त्या. पाय सुजलेत त्यांचे. श्वास लागलाय. दोन तास थांबायला सांगू त्यांना? तंत्रज्ञ निघालाय म्हणून?"

मग पुन्हा तोच इस्त्री केलेला आवाज. "प्रकृती गंभीर असल्यास रुग्णवाहिका मागवता येईल."

"मागव."

"तिला... आज सगळ्या बाहेर आहेत. पाऊण तास लागेल. तोवर आपण वाहन हलवू नये."

ताईनं आरशात पाहिलं. आजींनी डोळे उघडले होते. इतक्या वर्षांत प्रवासात पहिल्यांदाच. त्या ताईकडेच पाहत होत्या, पण काही मागत नव्हत्या, आणि तेच ताईला सोसवेना.

"ऐकलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ऐकलं म्हणजे मानलं नव्हे, हे भाच्याला कळायला हवं होतं. लहानपणापासून ओळखत होता तो तिला.

तिनं गाडी सुरू केली.

"बाई," मास्तर पुढे झुकले, "दिशेचं माझ्यावर सोडा. आत्ता सूर्य आपल्या उजव्या हाताला आहे. सकाळचे नऊ. म्हणजे आपलं तोंड कुठे?"

"मास्तर, मी नापास झाले असं समजा आणि उत्तर सांगा."

"उत्तर हेच उत्तर! उत्तरेला. आणि केंद्र आहे पश्चिमेला. पहिला डावा रस्ता घ्या आणि सरळ चला."

तिनं डावा रस्ता घेतला. रस्ता रुंद होता, दोन्ही बाजूंना गोदामं, पत्र्याची दारं, माणसाचा पत्ता नाही. मास्तर खुशीत येऊन पृथ्वीच्या कलण्याबद्दल काही सांगू लागले. दीड किलोमीटर गेल्यावर रस्ता एका भिंतीपाशी जाऊन थांबला. भिंत दोन पुरुष उंच, वर काचा लावलेल्या, डावीकडे-उजवीकडे नजर पोचेल तिथपर्यंत.

सगळेजण भिंतीकडे पाहत राहिले.

"दिशा बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "भिंत मध्ये आली."

शिंप्याला हसू फुटलं, आणि लगेच आपण हसलो याची भीती वाटली. नऊ वीस झाले होते. फोन पुन्हा वाजला.

"चालक क्रमांक सतरा." या वेळी आवाज इस्त्रीचा नव्हता, चुरगळलेला होता. "आपण वाहन हलवलंय का? बदली उपकरण घेऊन तंत्रज्ञ सर्कलकडे निघालेत. वाहन तिथे नसलं तर मला ते बेपत्ता म्हणून नोंदवावं लागेल. मग ती खबर पोलिसांकडे जाते. आपोआप. ही शेवटची सूचना."

भिंतीसमोर उभं राहून ताठ बोलणं सोपं नसतं. आत्ता 'बरं' म्हणावं, मागे फिरावं, सर्कलवर जाऊन उभं राहावं. कोणी बोट दाखवणार नव्हतं. आजींना काही झालं असतं तरी दोष डब्याला गेला असता. किती सोयीचं होतं ते. आणि ते इतकं सोयीचं आहे हे कळल्यावर तिचा मेंदूच तापला.

"रेकॉर्ड चालू आहे ना?" तिनं विचारलं.

"हो, पण..."

"मग नीट घे. मी बेपत्ता नाही. मी एका भिंतीसमोर आहे, माझ्या गाडीत तीन माणसं आहेत, तिघांची नावं तुझ्या यादीत आहेत. तुझ्या नकाशावर मी दिसत नसेन तर तो नकाशाचा दोष. आता मी या माणसांना केंद्रावर नेणार आहे. थांबणार नाही. नियम मला माहीत आहे, माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही, आणि हे मी माझ्या मनानं करतेय. लिहिलंस?"

"मामी..." रेकॉर्डवर त्याच्या तोंडून निसटलं.

ताईनं फोन ठेवला.

आणि मग जी शांतता झाली, तीत भिंतीपलीकडून आवाज आला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा, एकामागून एक, लांबवर पसरत गेलेला. धडाड् धड् धड् धड्.

"हे काय?" शिंप्यानं विचारलं.

ताई दार उघडून खाली उतरली. भिंतीला कान लावायची गरज नव्हती. मालगाडीचे डबे एकमेकांना जोडताना असा आवाज होतो. वीस वर्षांपूर्वी तिनं तो रोज ऐकला होता. ही मालधक्क्याची भिंत होती! फक्त ती पलीकडच्या बाजूनं ओळखत होती.

तिचा नवरा सिलिंडरचा टेम्पो चालवायचा. एका हिवाळ्यात त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि तो सहा महिने अंथरुणाला खिळला. तेव्हा ताईनं टेम्पोची किल्ली घेतली. दिरानं, सासऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, ज्याला तोंड होतं त्या प्रत्येकानं तिला वेड्यात काढलं. तिनं तो टेम्पो अकरा वर्षं चालवला. मालधक्क्यावरून सिलिंडर भरायचे आणि जुन्या गावभागात वाटायचे. त्या वेळी डबा नव्हता. डोकं होतं.

"धक्क्याला वळसा घालून रुळांखालून एक रस्ता जातो," ती गाडीत बसत म्हणाली. "गेला तर सरळ जुन्या गावात निघतो. केंद्र तिथून दहा मिनिटं."

"गेला तर?" मास्तर म्हणाले.

"आता असेल की नाही ते मला काय माहीत? बघू या."

भिंतीच्या कडेनं कच्ची वाट होती. गाडी खड्ड्यांतून हेलकावे खात निघाली. प्रत्येक खड्ड्याला आजींच्या तोंडून बारीक आवाज निघायचा आणि ताई प्रत्येक वेळी "झालं, झालं" म्हणायची. वाट संपली आणि समोर रुळांखालचा बोगदा दिसला. दगडी, ठेंगणा, काळा पडलेला. तोंडावर लोखंडी आडवी तुळई. तुळईवर उंचीची पाटी होती, पण आकडे गंजून गेले होते. एक आठ तेवढा ओळखू येत होता.

डबा तिला इकडे कधीच का आणत नव्हता, ते आता कळलं. टेम्पो ठेंगणा होता. ही गाडी उंच, आणि वरून छतावर एसीचं खोकं.

ताईनं ब्रेक दाबला. नऊ अठ्ठावीस. खोकं तुळईला अडकलं असतं तर छत फाटलं असतं, आणि मग खरंच पोलीस, खरंच चौकशी, आणि आजी मात्र बोगद्याच्या तोंडाशी अडकलेल्या.

"किती उंच आहे आपली गाडी?" शिंप्यानं विचारलं.

"कागदावर असेल. कागद डेपोत."

शिंपी उतरला. शर्टाच्या खिशातून त्यानं मापाची टेप काढली. हा माणूस मोबाइल घरी ठेवायचा, पण टेप नाही. गाडीच्या पायरीवर चढून त्यानं माप घ्यायला सुरुवात केली. टेप पाच फुटांची, त्यामुळे अर्ध्यावर बोटाची खूण करून पुन्हा लावली. मग मास्तरांची काठी मागून घेतली, टेपचं टोक तिच्या मुठीला रबरबँडनं बांधलं, काठी उंच करून तुळईला टेकवली, खालचं अंतर तसंच दोनदा मोजलं आणि त्यात काठीची लांबी मिळवली. दर दोन मिनिटांनी तो गुडघ्यावर हात ठेवून दम घेत होता. मशीनवर जायच्या दिवशी त्याच्या अंगात एवढीच ताकद असायची.

मागून एक मोटार आली आणि तिनं हॉर्नचा धोशा लावला. ताई उतरून तिच्या काचेशी गेली.

"घाई आहे?" तिनं विचारलं.

"मग काय गंमत म्हणून वाजवतोय?" आतला माणूस म्हणाला.

"आम्हालाही आहे. आमच्या घाईचं माप चाललंय. हॉर्ननं तुळई वर सरकत असेल तर वाजवा, मीही वाजवते."

माणसानं शिंप्याकडे पाहिलं, त्या काठीकडे पाहिलं, गाडीतल्या आजींकडे पाहिलं आणि हॉर्नवरचा हात काढला.

"गाडी आठ फूट पाच," शिंपी धापा टाकत म्हणाला. "तुळई आठ फूट सात आणि थोडं. दोन बोटं सैल आहे."

"नक्की?"

"ताई, बावीस वर्षांत माझं एक कापड आखूड झालेलं नाही."

"रस्ता सपाट नसतो," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "खड्ड्यातून चाक वर आलं की गाडी दोन बोटं सहज उचलली जाते. हे धाडस आहे, बाई. आपण परत जाऊ. निदान माझं मत तसं नोंदवा."

ताईला त्यांचा राग आला नाही. म्हातारा बरोबरच बोलत होता. तिनं आजींकडे वळून पाहिलं.

"आजी, तुम्ही सांगा."

आजींनी एकदा श्वास घेतला, मग दुसरा, मग म्हणाल्या, "शनिवारी मी कुणाला काही बोलले नाही. आज बोलते. घाल गाडी."

शिंपी पुढे उभा राहिला, पाठ बोगद्याकडे, तोंड गाडीकडे, दोन्ही हात वर. ताईनं पहिला गिअर टाकला आणि क्लच अर्धा सोडला. गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. तुळई काचेवरून वर सरकली आणि दिसेनाशी झाली. आता फक्त ऐकायचं होतं. शिंपी हात हलवत मागे मागे चालला होता. मध्येच त्यानं मूठ आवळली. ताई थांबली. त्यानं वाकून पाहिलं, पायानं एक दगड बाजूला केला आणि पुन्हा बोलावलं. एकदा छतावर काहीतरी खरवडलं. सगळ्यांनी एकदमच मान खाली घातली, जणू त्यानं गाडी ठेंगणी होणार होती. मग अंधार, मग ओल, मग उजेड.

शिंपी दारातून आत आला आणि बाकावर कोसळला. मास्तरांनी खिशातला रुमाल काढून त्याच्या कपाळाचा घाम पुसला.

बोगद्यापलीकडे ताईला जुनं गाव भेटेल असं वाटलं होतं. पण तिथे दुसरंच काही उभं होतं. सिनेमा थिएटर गेलं होतं, तिथे काचेची इमारत. लाकडाची वखार गेली होती. जिथे ती दर मंगळवारी चहा प्यायला थांबायची ती टपरी, तिच्याशेजारचं वडाचं झाड, काही म्हणजे काही नव्हतं. डोळ्यांना एकही खूण ओळखू येईना, आणि घड्याळात नऊ अडतीस झाले होते.

तिनं डोळ्यांचा नाद सोडला. आठवायचं होतं ते हातापायांना आठवत होतं. भरलेला टेम्पो एका ठिकाणी दम तोडायचा, तिथे दुसरा गिअर काढून पहिला टाकावा लागायचा. म्हणजे चढ. चढ काही कुणी पाडून इमारत बांधत नाही. ती हळूहळू चालली, प्रत्येक फाट्यावर गाडीचं नाक आत घालून पाहत, आणि तिसऱ्या फाट्यावर गाडीनं किंचित कुरकुर केली. हाच! वर गेल्यावर उजवीकडे तीव्र वळण, जिथे सिलिंडर एका अंगाला कलंडायचे आणि मागून जो खणखणाट व्हायचा त्यानं कुत्री भुंकत उठायची. वळण तिथेच होतं. मग उतार. उताराच्या तळाशी रुग्णालयाचं मागचं फाटक, जिथे ती महिन्यातून दोनदा स्वयंपाकघरासाठी सिलिंडर टाकायची. डायलिसिसचं केंद्र त्याच आवारात होतं. सात वर्षं ती पुढच्या फाटकानं येत होती आणि हे मागचं फाटक तिला एकदाही आठवलं नव्हतं.

केंद्राच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा नऊ बावन्न झाले होते.

सिस्टर चाकांची खुर्ची घेऊन बाहेर आल्या. "कुठे होता तुम्ही? तुमची गाडी बेपत्ता झाली म्हणून फोन आला! मी मशीन दुसऱ्यांना द्यायला निघाले होते."

"दहा वाजले का?" ताईनं विचारलं.

"नाही, पण..."

"मग आजींना घ्या आधी. श्वास लागलाय त्यांना. बाकीचं मागाहून."

सिस्टरांनी आजींच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला. त्यांनी खुर्ची फिरवली आणि जवळजवळ धावतच आत गेल्या.

अकराच्या सुमाराला भाचा मोटरसायकलवर आला. मागे तंत्रज्ञ. ताई गाडीच्या पायरीवर बसून पाणी पीत होती.

"तुला कळतंय का मामी, काय करून ठेवलंयस?" रेकॉर्ड नव्हतं, त्यामुळे आवाज थेट घरचा होता. "वरून तीन फोन आले मला. वाहन का सापडत नाही? चालक ऐकत का नाही? आणि मी मामी म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं! माझ्या नोकरीवर आलं असतं."

"तुला त्रास झाला, ते खरं," ताई म्हणाली. "तेवढ्यापुरतं मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही."

"तू थांबली असतीस तर काय झालं असतं?"

"आत जा. सात नंबरची खुर्ची. त्यांना विचार."

तो गेला नाही. बुटाच्या टोकानं खडी उकरत उभा राहिला. तंत्रज्ञानं डबा उघडून पाहिला, मागे हात घातला आणि म्हणाला, "तारेचं टोक सुटलंय. बाकी काही नाही." त्यानं ते खोचलं. डबा निळा झाला आणि बाई मोठ्या उत्साहानं म्हणाली, "आपण इच्छित स्थळी पोचला आहात."

ताईला हसू आवरेना. भाच्यानं हसायचं नाही असं ठरवलं होतं, ते त्याला अर्धंच जमलं. मग तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं ताईची नजर चुकवली आणि मोटरसायकल सुरू केली.

चौकशी गुरुवारी झाली. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, मधोमध अधिकारी बाई. त्यांनी ताईपुढे छापील खुलासा सरकवला. खालची ओळ आधीच छापलेली होती : 'माझी चूक मला मान्य आहे.' फक्त सही करायची होती.

ताईनं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि कागद परत सरकवला.

"नियम मोडलात, हे तरी मान्य आहे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"आहे. नियम मोडला. चूक केली नाही."

"त्यात फरक काय?"

"डबा बंद पडला तर गाडी उभी करायची, हे तुमच्या पुस्तकात आहे. आत बसलेल्या माणसांचं काय करायचं, हे कोणत्या पानावर आहे, तेवढं दाखवा. पान दाखवलंत तर ओळ पुन्हा लिहून सही करते."

डावीकडच्या माणसानं खरोखरच पुस्तक उघडलं. बराच वेळ तो पानं उलटत होता. पंख्याखाली पानांचा फडफडाट तेवढा ऐकू येत होता. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं.

"पुन्हा असं झालं तर?" अधिकारी बाई म्हणाल्या.

"तर मी साडेनऊच्या आत पोचेन. आता रस्ता ठाऊक झालाय."

तिला आठ दिवस घरी बसवलं आणि लेखी ताकीद दिली. सेवापुस्तकात शेरा मारला. 'वाहन अनधिकृत मार्गाने नेले' असं त्यात होतं. अकरा वर्षं सिलिंडर वाहिलेला रस्ता अनधिकृत! ताईनं पोच म्हणून सही केली आणि सहीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'मिळालं. पटलेलं नाही.' नणंदेनं मात्र मनाला लावून घेतलं. माझ्या मुलाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं म्हणून तिनं बोलणं टाकलं, आणि तो घाव ताईला शेऱ्यापेक्षा जास्त लागला. तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा नणंदेच्या नवऱ्यानं उचलला आणि हवापाण्यावर बोलला.

घरी बसवलं होतं, पण ती घरी बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं स्कूटर काढली, नवऱ्याला पाठीचा पट्टा बांधायला लावला आणि मागे बसवलं. सात वर्षांत गाव बरंच बदललं होतं, आणि तिनं ते काचेतून पाहिलंच नव्हतं. आता ती एकेक रस्ता धरून निघाली. कोपऱ्यावर थांबायचं, आजूबाजूला पाहायचं, काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं. चष्म्याचं दुकान, निळं दार, दुभंगलेला विजेचा खांब. नवरा मागून चुका काढायचा.

"इथून डावीकडे पाण्याची टाकी," तो म्हणायचा.

"उजवीकडे."

"मी इथे तुझ्या आधी आठ वर्षं टेम्पो चालवलाय."

"आणि मी तुझ्यानंतर अकरा."

टाकी डावीकडे निघाली. त्यानं दिवसभर ते ऐकवलं.

चौथ्या दिवशी दुपार कलली तेव्हा त्यांचे सोळा रस्ते झाले होते. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता. पाठ बोलायला लागली. घरी चल."

ताईनं स्कूटर कडेला घेतली. त्याला उतरू दिलं, पाठ सरळ करू दिली, बाटलीतलं पाणी दिलं. समोर एक फाटा होता, अरुंद, दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे, आणि तो कुठे निघतो ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"तिकडे काय आहे?" ती म्हणाली.

"काही नसेल. बंद गल्ली असेल."

"असेल तर असू दे. बंद आहे हे तरी कळेल."

तो कण्हत, पुटपुटत, तिच्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार करत पुन्हा मागे बसला. ताईनं स्कूटर वळवली आणि कपड्यांखालून मान वाकवून आत घातली.